कार्ड बंद करायचं राहिलं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारजणींत बोलायची वेळ आली की माझा आवाज बसतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी दुकानात काय हवं ते मी हळूच सांगते आणि दुकानदार दोनदा विचारतो. हे लिहिते आहे तेही कुणाला दाखवायला नाही.

माझे धाकटे दीर महामार्गावरच्या एका कंपनीत कामाला आहेत. क्रेडिट कार्डांचं त्यांना सगळं कळतं. नवीन कार्ड घ्यायचं, पहिल्या तीन महिन्यांत सांगितलेला खर्च करायचा, की बक्षिसाचे पॉइंट मिळतात. मग ते कार्ड बंद करायचं, काही महिने थांबायचं आणि पुन्हा अर्ज करायचा. कार्डाच्या कंपनीच्या लेखी माणूस पुन्हा नवा होतो आणि बक्षीसही पुन्हा मिळतं. त्यांच्या स्वतःच्या नावावर हे इतक्यांदा झालं, की शेवटी अर्ज परत यायला लागले. मग ते माझ्याकडे आले.

"वहिनी, तुमी कोऱ्या पाटीवानी हाय. तुमच्या नावावर एक बी कार्ड न्हाई."

त्यांनी माझ्या नावावर दुधाचा धंदा दाखवला. दोन म्हशी दारात आहेत, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या कार्डावर मिक्सर आला. ते बंद केलं. दुसऱ्यावर चाकांची बॅग आली. मला ती बॅग भरून कुठं जायचं होतं? मी तिच्यात गोधड्या ठेवल्या. तरी मला आवडलं होतं, हे कबूल करते. माझ्या नावाने दारात खोकं यावं, असं कधी झालं नव्हतं.

कार्ड बंद करताना कार्डाच्या कंपनीतून एखादी मुलगी फोन करायची. ज्याच्या नावावर कार्ड, त्यानेच बोलायचं. दोन्ही वेळा दीर शेजारी बसून मला खुणावत होते आणि मी "हां जी, हां जी" म्हणाले. तिसऱ्या कार्डाच्या वेळी फोन आला तेव्हा मी गोठ्यात एकटी होते. मुलगी हिंदीत भराभर बोलत होती. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कार्ड का बंद करता विचारलं. मी लाल बटण दाबलं. पुन्हा फोन आला, पुन्हा दाबलं. मग तिनेच सोडून दिलं.

संध्याकाळी दिरांनी विचारलं, "आला व्हता का फोन?"

मी म्हणाले, "व्हय. झालं बंद."

त्यांनी कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. पुढे मोबाईलवर इंग्रजीत मेसेज यायचे. मला ते वाचता येत नाहीत आणि विचारायचं धाडस नव्हतं.

आमचा दहाजणींचा बचत गट आहे. गेल्या वर्षी आम्ही मसाल्याच्या डंक्यासाठी बँकेत अर्ज केला. मिरची कांडायला किकवीला जावं लागतं, म्हणून डंका गावातच घालायचं ठरलं होतं. जागा ठरली, कुणी कोणत्या दिवशी बसायचं तेही ठरलं. मग बँकेचे साहेब समाजमंदिरात आले आणि म्हणाले, "तुमच्यापैकी एकीचं जुनं येणं थकलंय. गटाला एकत्र कर्ज असतं, एकीचं रेकॉर्ड खराब म्हणजे सगळ्यांचं अडलं. नाव मला सांगता येणार नाही."

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. आमच्यात शिवणकाम करणारी एक विधवा आहे. तिने मशीन हप्त्यावर घेतलं होतं.

"म्या समदे हप्ते फेडल्यात," ती म्हणाली. "पावत्या दावू का?"

"पावत्या काय, टेलरबाईला कागद बेतायला किती वेळ लागतोय," एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

घरी येऊन मी मोबाईल दिरांपुढे धरला. त्यांनी मेसेज वाचले आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, ह्ये बंदच झालं न्हाई! वर्साची फी चढलीया, त्याच्यावर दंड. भरतो म्या. पर रेकॉर्ड सुधरायला लई दिस जात्यात. आता कुटं बोलू नका."

बोलू नका म्हटल्यावर मला किती बरं वाटलं, ते लिहायची लाज वाटते.

पुढच्या बैठकीत त्या टेलरबाईला गटातून काढलं. तिने पावत्यांची पिशवी आणली होती, कुणी उघडून पाहिली नाही. ती एकेकीकडे बघत होती. माझ्याकडेही बघितलं. मी सतरंजीचा दोरा ओढत बसले. तिच्या जागी अध्यक्षबाईंनी आपली सून घेतली आणि नवा अर्ज गेला.

तोही परत आला.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बायांनो, जी कोण असंल तिनं आता तरी उठावं."

मी उठले. "म्या," एवढंच म्हणाले. कार्डाचं, फोनचं, काहीच सांगता आलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तू? आन् तिला जाताना बघत बसलीस व्हय?" मला कुणी जा म्हटलं नाही. मीच चप्पल घालून निघाले.

तशीच त्या टेलरबाईच्या घरी गेले. ती ब्लाऊजला हुक लावत होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोलले नसेन. तिने मान वर केली नाही.

"माज्याकडं आता गावातलं कुणी कापड टाकत न्हाई," ती म्हणाली. "शिवरे गावातनं काम आणती म्या यष्टीनं जाऊन."

"म्या सांगते समद्या गावाला," मी म्हणाले.

"सांगा," ती म्हणाली आणि दुसरा हुक घेतला.

गटात ते एक "म्या" म्हणाले तेवढंच, गावात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या दारावरून जायला लागू नये म्हणून पाण्याला मागच्या वाटेने जाते.