पाय उचललेली चित्रं नामंजूर

पोरगं काय करतं, असं कुणी विचारलं की दौलताबादचे मेंढपाळ मुंजाबा शिंगाडे सरळ सांगत, "खुर्चीत बसतंय." त्यांचा आदिनाथ चिकलठाण्याकडच्या एका छोट्या स्टुडिओत ॲनिमेशन करायचा. पण ज्यात घाम येत नाही ते काम कसलं, असा मुंजाबांचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर आदिनाथलाही ते कधी धड समजावता आलं नव्हतं.

अशात किल्ल्याच्या पायथ्याचं जगणं दाखवणारी मिनिटभराची फिल्म करायचं सरकारी काम स्टुडिओला मिळालं. आदिनाथनं मनाशी ठरवलं, फिल्ममधला मेंढपाळ आपल्या बापासारखा, आबांसारखाच चालेल. मग काय, दर रविवारी गडी मेंढरांमागं. आबांचा डावा पाय जरा उशिरा उठतो, काठी पावलाच्या आधी पडते, उतारावर मान आपोआप मागं जाते, सगळं त्यानं टिपून घेतलं. आबांना वाटलं, पोरगं शेवटी घरच्या कामाला लागलं. आदिनाथला एवढंच हवं होतं, की आबांनी पडद्यावर स्वतःला ओळखावं. त्यासाठी दोन महिने त्यानं जिवाचं रान केलं.

फिल्म मंजुरीला गेली, तर पर्यटन खात्याच्या बद्रीनाथसाहेबांनी पेन ड्राइव्ह बोटाच्या चिमटीत धरून परत केला.

"हे फाइलीला कसं लावायचं? टाचणी कुठं टोचू?"

बरोबरच आहे. ज्याला टाचणी लागत नाही ते सरकारच्या लेखी झालेलंच नसतं.

स्टुडिओच्या मालकीण तनुजा मॅडम म्हणाल्या, "व्हिडिओ नको, सुटी चित्रं काढ." त्यात अवघड काही नाही. संगणकाला सांगितलं की तो एका सेकंदाची चोवीस चित्रं, ओळीनं नंबर टाकून, फोल्डरात ओतून देतो. मिनिटाची झाली चौदाशे चाळीस. ती छापून, गठ्ठे बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

पाच जणांची समिती बसली. पानापानावर पाचही जणांच्या सह्या. चहा किती झाला ते विचारू नका. मेंढीनं डोळे मिटलेलं पान आलं. "मेंढी आजारी दिसते," नामंजूर. मेंढपाळाचा पाय हवेत असलेलं पान आलं. "पर्यटकांपुढं आपला माणूस एका पायावर उभा? पडतोय की काय हा?" तेही नामंजूर.

"साहेब, चालायचं म्हटल्यावर पाय उचलावाच लागतो," आदिनाथ काकुळतीला येऊन म्हणाला.

"चालू द्या की. आमची कुठं ना आहे? फक्त उचललेला दिसायला नको."

तनुजा मॅडमनी डोळ्यांनीच त्याला गप्प बसवलं. पाय उचललेली झाडून सगळी चित्रं गेली. मिनिट मात्र पुरंच भरायला हवं होतं, आदेशात तसं लिहिलेलं. म्हणून उरलेली चित्रं जागच्या जागी थांबवून लांबवली.

फिल्मच्या उद्घाटनाला मुंजाबा धुतलेला पटका बांधून आले. आदिनाथनं त्यांना अगदी पुढं बसवलं, कारण मागं बसा म्हणायला त्याला तोंड नव्हतं. पडद्यावर मेंढपाळ आला. खांबासारखा उभा राहिला. मग एकदम दोन हात पुढं सरकलेला दिसला, आणि पुन्हा खांब. मेंढ्या डोळे फाडून बघत होत्या. समितीनं टाळ्यांचा कडकडाट केला. पान न् पान त्यांच्या सहीचं होतं. आदिनाथची मान काही वर होईना.

शेवटी नाव आलं. तेवढ्यावर कुणी हरकत घेतली नव्हती. मुंजाबांनी अक्षरं जुळवत वाचलं, "आदिनाथ मुंजाबा शिंगाडे."

"हे तू केलं व्हय?"

समितीनं काय केलं ते सगळं आदिनाथच्या ओठांवर आलं होतं. पण नाव त्याचं होतं, आणि त्याच्या नावात बापाचंही.

"व्हय, आबा."

मुंजाबांनी पडद्याकडं बोट केलं.

"इतके रविवार माझ्यामागं हिंडला," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् माणूस चालतो कसा, एवढंबी बघितलं नाय?"