बर्फ कारखान्यातला खारा कॉलम

“म्हणजे परत टेरेस फोडायची का?” शोभाताईंनी विचारलं.

मार्च सुरू झाला होता. घोटीजवळच्या त्यांच्या बर्फ कारखान्यात आम्ही तिघं एका कॉलमभोवती उभे होतो. मालकीण शोभाताई, त्यांचा मुलगा तुषार आणि नाशिकहून गेलेली मी, स्ट्रक्चरल कन्सल्टंट. कॉलमला गुडघ्यापासून छातीपर्यंत उभी भेग होती. हातोडी मारली की पोकळ आवाज यायचा. याच कॉलमच्या वर, स्लॅबवर, तुषारला शीतयंत्राचा नवा जड कंडेन्सर चढवायचा होता. उन्हाळा म्हणजे बर्फाचा सीझन, त्यामुळे घाई होती. खाली सहा माणसं रोज काम करत.

“वरून पाणी झिरपतंय,” तुषार म्हणाला. “वॉटरप्रूफिंग दोनदा केलं. दर पाडव्याआधी प्लॅस्टर मारतो. पावसाळा सरला की भेग परत हजर.”

“घोटीचा पाऊस आहे मॅडम,” शोभाताई म्हणाल्या. “इथं छत्रीच्या काड्या गंजतात, कॉलमचं काय घेऊन बसलात!”

पण छतातून पाणी येत असतं, तर कॉलम वरून खराब झाला असता. वरचा भाग कोरडा आणि ठणठणीत होता. खालचा भाग फरशीतल्या गटारीत कायम बुडालेला, तोही शाबूत. बिघडला होता फक्त मधला पट्टा.

असा पट्टा मी पूर्वी पाहिला होता, पण समुद्रात. नोकरीच्या सुरुवातीला कोकणातल्या जेट्टींची पाहणी करायचे. जेट्टीचे खांब कायम पाण्याखाली असतात तिथे बऱ्यापैकी टिकतात. लाटा पोचत नाहीत तिथेही टिकतात. फुटतात ते मधे, जिथे लाट येते, भिजवते आणि जाते. या भागाला आम्ही स्प्लॅश झोन म्हणतो.

काँक्रीटमधली सळई सहसा गंजत नाही, कारण काँक्रीटच तिचं रक्षण करतं. मिठातला क्लोराइड हा घटक आत शिरला की ते रक्षण मोडतं. पण गंज चढायला नुसतं मीठ पुरत नाही, पाणी आणि हवाही लागते. पाण्याखाली हवा जवळजवळ पोचत नाही. स्प्लॅश झोनमध्ये तिन्ही मिळतात. शिवाय प्रत्येक लाटेचं पाणी वाळून जातं आणि मीठ मागे राहतं, मिठागरासारखं. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट फोडते. वरून प्लॅस्टर मारलं की फक्त भेग दिसेनाशी होते.

मी कॉलममधून दोन कोअर काढले. कोअर म्हणजे ड्रिलने कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा. एक मधल्या पट्ट्यातून, एक गटार उपसून खालच्या बुडालेल्या भागातून. दोन्ही चिरून ताज्या बाजूवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. क्लोराइड असेल तिथे पांढरं उमटतं, नसेल तिथे तपकिरी. दोन्ही तुकडे सळईच्या खोलीपर्यंत पांढरे झाले. मीठ दोन्हीकडे, पण सळई फक्त मधल्या पट्ट्यात गंजाने खाल्लेली. खालची जवळजवळ नव्यासारखी. हुबेहूब जेट्टी.

“मॅडम, समुद्र घाटाखाली राहिला,” तुषार हसला. “आमच्याकडे भरती येत नाही.”

“मीठ तर आहे ना?”

मीठ होतंच. बर्फाच्या कारखान्यात मोठ्या टाकीत मिठाचं पाणी असतं. ते शून्याच्या खाली थंड केलं तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे उभे डबे बुडवून ठेवले की डब्यात बर्फाची लादी तयार होते. गटारीत टाकीचं पाणी सांडत असणार, म्हणून खालचं मीठ कळलं. पण टाकीचा काठ कॉलमपासून दहा फूट लांब आणि गुडघ्याएवढाच उंच. छातीपर्यंत लाट येणार कुठून?

हे कोडं घेऊन मी दुसऱ्यांदा गेले. फरशी चकचकीत, हॉल धुतलेला, माणसं एका बाजूला हात बांधून उभी. मागच्या वेळीही असंच होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

“काम बंद का?”

“अहो, तुम्ही येणार म्हणून,” शोभाताई म्हणाल्या. “ओल्या राड्यात पाहुण्या माणसाला उभं करायचं का?”

“ताई, मला राडाच बघायचाय. रोजच्यासारखं चालू करा.”

हॉइस्टवरच्या दत्तूभाऊंनी डब्यांची एक रांग साखळीने वर उचलली. ती हवेत सरकवत आणली आणि कॉलमवर हलकेच आपटली. ठण्ण. डब्यांना चिकटलेलं खारं पाणी कॉलमवर उडालं. पुढची रांग, पुन्हा ठण्ण.

“आपटताय कशाला?”

“झटकाया नको? खारं पाणी लादीवर पडलं तर रसवंतीवाले लय शिव्या घालत्यात.”

“आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेली पद्धत आहे,” शोभाताई म्हणाल्या. मग त्यांनीच कॉलमकडे पाहिलं. “अगं बाई. म्हणजे लाट आम्हीच मारतोय.”

“दिवसभर. आणि मधे वाळायलाही वेळ देताय.”

तुषारचा चेहरा उतरला. “मग कंडेन्सर?”

“या कॉलमवर नाही. आणि दुरुस्ती होईपर्यंत याच्या आसपास स्लॅबखाली माणूसही नको.”

“सीझन चाललाय मॅडम! प्लॅस्टर मारून जूनपर्यंत ढकलू.”

“सळई किती उरली आहे ते मी मोजलंय. जूनची हमी मी देणार नाही.”

शोभाताई तुषारला म्हणाल्या, “रसवंतीवाल्यांना फोन लाव. काही दिवस बर्फ नाशिकहून घ्या म्हणावं. शिव्या देतील त्या ऐकून घे.”

स्लॅबला स्टीलचे टेकू लावले. खारावलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढलं, कारण जुनं मीठ आत राहिलं तर नवं कामही फुटतं. झिजलेल्या सळयांजवळ नव्या जोडल्या आणि कॉलम भरून काढला. कंडेन्सर अंगणात स्वतंत्र पायावर बसला. डबे आता टाकीवरच लटकवून निथळू देतात. दत्तूभाऊंच्या मते त्यात वेळ फुकट जातो.

त्या सीझनचा मोठा हिस्सा बुडाला. शेवटी पैसे गेले ते दुरुस्तीच्या ठेकेदाराला आणि थोडे मला. वॉटरप्रूफिंगवाल्याला दोनदा दिलेले परत आले नाहीत, आणि ते मागताही येत नव्हते. त्याने टेरेसचं काम नीट केलं होतं. टेरेस कधी गळतच नव्हती.