चिबड रानातल्या बेडकांचं पोट

वसमतच्या बाजूला आमचं शेत कालव्याच्या अगदी खाली. कालवा पाझरायचा आणि खालचा तुकडा वर्षातले बरेच महिने पाण्यानं चिबडून दलदल झालेला असायचा. तिथं हळद कुजायची, कापूस पिवळा पडायचा. शेवटी वडिलांनी तो तुकडा सोडूनच दिला. लव्हाळा माजला, पाणी साचलं, बेडकं आली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी तीच निवडली. एका पाण्यावर राहणारे वेगवेगळ्या जातींचे बेडूक काय खातात आणि खाणं आपसांत कसं वाटून घेतात, हे मला बघायचं होतं.

दिवस मावळला की मी रानात जायचे. एकटी नको म्हणून माय बॅटरी घेऊन सोबत यायची. बेडूक धरायचा, बारीक नळीनं त्याच्या पोटात पाणी सोडायचं, पोटातलं बाहेर आलं की ते बाटलीत घ्यायचं आणि बेडूक परत सोडायचा. नीट केलं तर त्याला इजा होत नाही. पण मायला ते पहिल्यापासून पटलं नाही.

"खाल्लेलं काढून घेतीस. मंग ते उपाशी राहात असंल की."

"पुन्हा खातंय माय ते."

"घावलं तर खाईल."

एकदा तिनं गोठ्यामागच्या कुजक्या लाकडातली वाळवी पानात बांधून आणली आणि मी सोडलेल्या बेडकांपुढं झटकली. यानं माझं काम बिघडेल, असं मी म्हणाले. त्यानंतर तिनं वाळवी आणली नाही.

घरी मी बाटल्या तपासायचे आणि ती भाकरी थापता थापता विचारायची. निमुळत्या तोंडाच्या बारक्या बेडकाच्या पोटात मुंग्या आणि वाळवी निघायची. पाण्यावर तरंगून राहणाऱ्याच्या पोटात पाण्यातले किडे, मोठ्या पिवळ्याच्या पोटात नाकतोडे आणि खेकड्याचे तुकडे.

"म्हंजे ज्याचं त्याला हाय," ती म्हणायची. "भांडण न्हाई." तिला ते फार बरं वाटायचं.

त्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली. कालव्यालाही पाणी सुटलं नाही. चिबड आटत गेलं, बांधाच्या कडेला एक डबकं उरलं आणि सगळे बेडूक त्याच्याभोवती जमले. आता कुणाचंही पोट धुतलं तरी मुंग्याच निघायच्या, त्याही थोड्या. कित्येक पोटं रिकामी. मग एका संध्याकाळी मोठ्या बेडकाच्या पोटातून बारका पाय बाहेर आला आणि मागोमाग अख्खा बारका बेडूक. मला हेच हवं होतं. उजेड जवळ धर, मी मायला म्हणाले.

"चल घरी," ती म्हणाली.

त्यानंतर ती रानात आली नाही. माझ्यासोबत भाऊ येऊ लागला. एका दुपारी ती डाळ निवडत बसली होती, तेव्हा मी विचारलं, "काहून येत न्हाईस?"

तिनं डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मोठा दुष्काळ पडला तवा मी लेकरू होते. घरात चुलते, त्यांची लेकरं, सगळे एकत्र. आधी ज्याचं त्याचं ताट होतं. मंग एकच पातेलं राहिलं, पातळ आंबिलीचं. दुष्काळी कामावर खडी फोडाय जाणारे गडी आधी खायचे, मंग पोरं, मंग आमी पोरी. माझी धाकटी बहीण मागं बसायची. तिला पुढं सरकायची ताकदच नव्हती."

"मंग?"

"मंग काय. गेली ती. मी तिच्या आधी बसायचे."

आपल्याला अशी एक मावशी होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तू लहान होतीस, तुला काय कळणार, असं मी म्हणाले.

"लेकराला कळत असतंय," ती म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

प्रकल्प पूर्ण झाला. अन्न कमी पडलं की जातींमधली वाटणी मोडते, असं मी शेवटी लिहिलं, आणि मला चांगले गुण मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात भावानं चर खोदून चिबडातलं पाणी काढून दिलं. तिथं आता हळद येते. मी हिंगोलीत एका कॉलेजात तासिकांवर शिकवते.

मायच्या चुलत्यांपैकी एकच आता उरला आहे, जवळा बाजार या गावी. मागच्या वर्षी मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो जेवत होता. मायच्या धाकट्या बहिणीचं मी विचारलं. त्यानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"त्या घरात पोरी लई होत्या," तो म्हणाला. "बराबर ध्यानात न्हाई."

मायला मी हे सांगितलेलं नाही.