दक्षिणमुखी डिश

आता आमच्या वाडीच्या डोक्यावर मोबाईलचा टॉवर आलाय, त्यामुळे अंगणातली डिश नुसती उभी असते. माझ्या वडिलांना, आबांना, जाऊन दोन पावसाळे झाले. डिश भंगारात दे, असं भाऊ प्रत्येक फेरीत सांगतो. मी हो म्हणते आणि देत नाही.

आई गेल्यावर आबा पोलादपूरच्या वर, उमरठच्या वाटेवरच्या या घरात एकटे राहायला लागले. पुण्याला यायचा विषय काढला की ते गोठ्याकडे बोट दाखवायचे. शेवटी मीच ऑफिसात भांडले. साहेब म्हणाले, "सोमवारी दहाच्या मीटिंगला नीट दिसलात तर तिथून काम करा. नाहीतर परत या." गावात तेव्हा रेंज फक्त एसटीच्या थांब्यापाशी. म्हणून उपग्रहावरून इंटरनेट देणारी डिश घेतली.

शनिवारी महाडहून मेकॅनिक आला. त्याने अंगणाच्या ओट्यावर खांब बसवला, मोडेममध्ये गावाचे अक्षांश-रेखांश भरले आणि डिश केसभर इकडे, केसभर तिकडे करत सिग्नलचा आकडा बारावर आणला. "उपग्रह दक्षिणेला हाय, मॅडम. आता हिला कुणी हात लावायचा नाय," असं बजावून, चहा पिऊन गेला.

रविवारी सकाळी आकडा शून्य.

मी मुळात तापट. मोडेम चारदा बंद-चालू केला, सगळी माहिती पुसून पुन्हा भरली, डिशवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुपारी तणतणत थांब्यापर्यंत चालत गेले आणि मेकॅनिकला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "डिशचं तोंड कुठं हाय ते बघितलंत का?"

घरी येऊन बघितलं. डिश चक्क उगवतीकडे तोंड करून उभी. आबा पडवीत पंपाचा पाना पुसत बसले होते.

"आबा, तुम्ही फिरवलीत?"

"फिरवली. दक्षिणेला तोंड करून दारात काय ठेवायचं नसतं." मग खाली बघत म्हणाले, "तुझी आई गेली तवा दहा दिस दिवा ठेवलेला, वात दक्षिणेला. आता तू इथं बसून काम करणार. तुझ्यावर काय यायला नको, बाय."

मला रडू आलं, आणि रडू येतंय म्हणून रागही आला.

"पूर्वेला राहिली तर उद्या नेट नाही, आबा. आणि नेट नाही तर मला उद्याच पुण्याची गाडी धरावी लागेल."

आबा उठले आणि पाना घेऊन अंगणात गेले. मी पडवीतून आकडे ओरडत होते, ते डिश सरकवत होते. नांगर धरलेला हात तो. बोटभर म्हटलं की वीतभर सरकवायचा. "मागं घ्या! एवढं नको!" "मंग नीट सांग की!" असं भांडत भांडत दिवेलागणीला बारा आले. बोल्ट त्यांनीच आवळले.

आयुष्यात त्यांनी मला कधी 'राहा' म्हटलं नव्हतं. पुण्याला पहिल्यांदा नोकरीला निघाले तेव्हासुद्धा पिशवी उचलून मुकाट गाडीपर्यंत आले होते. त्या संध्याकाळी खांबावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"ऱ्हाऊ दे दक्षिणेला. तू जाऊ नको गो."