दोष हेडसेटचा नव्हता

स्नेह्यांनो, आज सकाळी पुतणी रेश्माची मच्छे येथील कारखान्यातील नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. नव्या लॅपटॉपला गोल पिनेचे छिद्रच नाही. म्हणून तिचा जुना हेडसेट यूएसबी अडॅप्टरने जोडला होता.

लॅपटॉपवरूनच मैत्रिणीला कॉल लावून चाचणी घेताच रेश्मा वैतागली. "आप्पा, तिला माझ्यापरीस कुकरच्या शिट्ट्याच लई ऐकू येत्यात! हेडसेट बाद झालाय."

"त्याच्या माइकवर टिचकी मार," मी म्हणालो.

मैत्रिणीला टिचकी ऐकूच गेली नाही. म्हणजे ऐकत होता तो लॅपटॉपचा स्वतःचा माइक. अडॅप्टर जोडला म्हणजे तो निवडलाही गेला, हे आमचे गृहीतकच चुकीचे होते. सेटिंगमध्ये यूएसबी माइक निवडला.

"आता कुकर न्हाय गं, तूच!" मैत्रीण ओरडली.

मुलाखतीत रेश्माचा शब्दन्‌शब्द पोहोचला. एखाद्याला बाद ठरवण्यापूर्वी आपण अशी एक टिचकी मारून पाहतो का?