थांब मॅडम आणि घासलेलं खापर

आमच्या पुरातत्त्वाच्या मॅडमना सगळी मुलं ‘थांब मॅडम’ म्हणायची, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. बाकीचे शिक्षक ‘चला, हात चालवा’ म्हणतात. या बाई दिवसभर ‘थांब’ म्हणायच्या. मातीत काही दिसलं की आम्ही झडप घालणार, तेवढ्यात मागून आवाज यायचा. ‘थांब. आधी बघ. दोन हजार वर्षं तिथेच आहे ते, आज पळून जाणार नाहीये.’ एकदा बाजारात त्या तराजूत टोमॅटो टाकणाऱ्या भाजीवाल्यालाही ‘थांब’ म्हणाल्या. बिचारा हात वर धरून उभा राहिला.

मॅडम बाळकुमच्या, कोळ्यांच्या घरातल्या. आई मासळी विकायची. मुलगी डॉक्टरेट करून बसली तरी पारखायची रीत आईचीच राहिली. माशाचे कल्ले उघडून बघावेत तशी त्या माती बघायच्या. चिमटीत दाबायच्या, नाकाशी न्यायच्या, क्वचित जिभेलाही लावायच्या. ‘ही नंतर भरलेली आहे, मला फसवतेय,’ असं मातीबद्दल रागाने बोलायच्या. पहिल्या वर्षी आम्हाला त्या वेडसर वाटायच्या. दुसऱ्या वर्षी आम्हीही माती हुंगायला लागलो आणि घरच्यांना आम्ही वेडसर वाटायला लागलो.

सरावासाठी कोलशेतला भावाच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः एक खड्डा भरून ठेवला होता. थरावर थर, त्यात फुटक्या पणत्या, बांगड्यांचे तुकडे, कोंबडीची हाडं. मला अगदी तळाच्या थरात चॉकलेटचा कागद सापडला. बाईंची चूक पकडायची संधी कोण सोडतो?

‘मॅडम, हा वरच्या थरात हवा होता. भरताना गडबड झालेली दिसतेय तुमची.’

‘गडबड तुझी झाली रे. बाजूला उंदराचं बीळ आहे, ते बघितलंस का? वरचा कागद त्यानेच खाली नेला.’

ते बीळसुद्धा बाईंनीच काठीने केलेलं होतं. उंदराचा वाटासुद्धा त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवला नव्हता.

एम.ए.च्या उन्हाळ्यात त्या आम्हा पाच जणांना ग्रीसमधल्या एका उत्खनन शिबिराला घेऊन गेल्या. आमच्या डोंबिवलीच्या घरात बाबांना काही केल्या उमजेना. ‘खड्डे खणायला परदेशात? घोडबंदर रोडला काय कमी खणून ठेवलंय?’ आईने वाद न घालता भाजणीचा डबा बॅगेत कोंबला. चार आठवड्यांचं शिबिर, निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी, आणि शेवटी त्यांतल्या एकालाच पुढच्या तीन हंगामांसाठी बोलावणार होते. ती जागा मला हवी होती. इतकी की मी कुणाला तसं बोलूनही दाखवत नव्हतो.

तिथे मॅडमनी पहिल्याच दिवशी नाव काढलं ते उकिडवं बसून. बाकीचे लोक गुडघ्यांखाली उशा घेऊन खणत; बाई तासन्‌तास उकिडव्या. आठवड्याभरात तीन-चार परदेशी मुलं त्यांच्याकडे उकिडवं बसायची शिकवणी घेऊ लागली आणि एकामागून एक मागे कलंडू लागली. ‘थांब, आधी टाच टेक,’ मॅडम मराठीतच सांगायच्या, आणि त्यांना ते कळायचं.

दुपारी सापडलेली खापरं धुवायचं काम असे. नियम एकच होता: आतून काजळी धरलेल्या खापराला पाणी लावायचं नाही. लेना नावाची एक जर्मन मुलगी त्या काजळीवरून तिथल्या प्राचीन घरात काय शिजायचं ते शोधत होती, आणि ती खणत होती त्या चुलीपाशी तसे दोनच तुकडे मिळालेले. नियम मला पाठ होता. पण आमच्याकडे भांडी घासायचं काम माझं, आणि आई प्रत्येक पातेल्यात बोट फिरवून बघते. गप्पांच्या नादात हातात काळाकुट्ट तळ आला आणि माझ्या हातांनी डोक्याला काही विचारलंच नाही. पाच मिनिटांत खापर लख्ख. मी कौतुकाने ते उन्हात धरलं आणि तेव्हा कुठे नियम आठवला.

आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं. धुतलेल्या ढिगात ते टाकून दिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. मी ते घेऊन मॅडमकडे गेलो.

त्यांनी आतून अंगठा फिरवला. ‘छान घासलंयस. कोणी बघितलं?’

‘नाही. मॅडम, तुम्ही सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतील.’

‘मी घासलं का? जा. आधी लेनाला सांग, मग शिबिराच्या संचालकांना. तुझी ती जागा जाणार, हे धरून चल.’

म्हणजे त्यांना माहीत होतं!

मी गेलो. लेनाने दोन्ही हातांत तोंड लपवलं, ते मला अजून दिसतं. संचालकांनी सांगितल्याबद्दल आभार मानले, आणि जागा पोलंडच्या एका मुलाला दिली. त्या संध्याकाळी मॅडमनी थालीपीठं लावली. तव्यावरचं पहिलं माझ्या ताटात टाकून विचारलं, ‘वाईट वाटतंय?’

‘खूप.’

‘वाटायलाच पाहिजे. खा.’

पुढे एका वस्तुसंग्रहालयातल्या नोकरीसाठी मला शिफारसपत्र हवं होतं. मॅडम तेव्हा आजारी होत्या. त्यांनी अंथरुणातूनच मुलीला मजकूर सांगितला आणि पाकीट बंद करूनच माझ्या हातात दिलं. मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी त्या गेल्या. जाताना कधी नव्हे ती घाई केली.

मुलाखतीत अध्यक्षांनी पाकीट फोडलं, चष्मा सारखा केला आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं: ‘हा मुलगा भांडी उत्तम घासतो.’ समितीतले तिघेही हसले. पुढे सगळी हकिकत होती. लेना, काजळी, कोणी न बघितल्याचंही. वाचता वाचता अध्यक्षांचा आवाज खाली आला. शेवटी लिहिलं होतं: ‘मी पाठवलं आणि हा गेला. त्याची एक जागा माझ्यामुळे गेली. ही जाऊ देऊ नका.’

अध्यक्षांनी पत्राची नीट घडी घातली. मला प्रश्न एकच आला: रुजू कधी होणार?