उस्तादांचा डायोड

अल्लीपूर माझी सासुरवाडी. त्या गावात अकरा वर्षं मला कोणी माइकला हात लावू दिला नाही.

तिथल्या भजनी मंडळाचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मी जाळला, असं माझ्या उस्तादांनी सगळ्यांना सांगितलं होतं. उस्ताद म्हणजे वर्ध्यातले रेडिओ दुरुस्तीवाले. त्यांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम केलं. त्या दिवशी मंडळाच्या कार्यक्रमात मी फक्त बटण दाबलं. पाचेक मिनिटांत आत फटाका वाजला, धूर निघाला. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "याले म्या हजारदा सांगतलं, मशीनले हात नको लावू." सासऱ्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. पण कुठंतरी मलाही वाटायचं, चुकलं असेल आपलं काही.

आता मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघ्यात घरीच जुन्या मशीनी खोलतो आणि त्यातले चांगले भाग हौशी लोकांना विकतो. गेल्या वर्षी मंडळानं अडगळ काढली, तेव्हा मेव्हण्यानं तोच अ‍ॅम्प्लिफायर पोत्यात घालून माझ्याकडे आणून टाकला.

मी तळ उघडला. एसीचं डीसी करणारा भाग म्हणजे रेक्टिफायर. त्या काळच्या मशीनीत तो सेलेनियमचा असे, एका बोल्टात ओवलेल्या चौकोनी पत्र्यांची चळत. ती जागेवर होती. सवयीनं मीटर लावला, तर आकडा अगदी साफ. इतकं जुनं सेलेनियम असं बोलत नाही. हा आकडा सिलिकॉन डायोडचा. चळत वाकवून पाहिली. तिच्या वायरी कापलेल्या, आणि मागं काळ्या नळीत लपवलेला डायोड. प्लसच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तशी खूण वर्ध्यात एकच माणूस करायचा.

डायोड लावणं चूक नाही. पण सेलेनियम थोडे व्होल्ट स्वतःच खातं, डायोड फारसे खात नाही. म्हणून त्याच्यासोबत रेझिस्टन्स टाकावा लागतो, नाहीतर पुढं व्होल्टेज चढतं आणि कंडेन्सर फुटतो. इथं रेझिस्टन्स नव्हता, म्हणून तो फटाका. आणि कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मशीन तपासायला नेली होती ती उस्तादांनीच.

मला संताप आला नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला. मंडळाच्या वर्धापनदिनाला उस्तादांचा सत्कार ठरलाय, हे मेव्हण्यानं सांगितलं होतं. मी तीन महिने थांबलो. नवे कंडेन्सर घातले, रेझिस्टन्स बसवला. डायोड मात्र त्यांचाच ठेवला. बायकोलाही काही बोललो नाही.

सत्काराच्या दुपारी उस्तादांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग मी उठलो आणि सोबत आणलेली मशीन उलटी करून टेबलावर ठेवली.

"उस्ताद, हा डायोड कोनाचा?"

"मले का ठाऊक?"

"लाल ठिपका कोन देते?"

त्यांनी वाकून आधी ठिपका पाहिला, मग शेजारचा नवा रेझिस्टन्स. अध्यक्ष निवृत्त मास्तर, ते हळूच म्हणाले, "सांगा ना जी."

"म्याच लावला होता. घाई होती. वाटलं, चालून जाईन."

मागच्या खुर्चीतून माझे सासरे उठले. "मंग आमच्या जवायाले काऊन बदनाम केलं?"

उस्तादांनी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली.

मी मशीन सरळ करून वायर जोडली. व्हॉल्व्ह लाल झाले. अध्यक्षांनी माइक माझ्या हातात दिला, मी तो सासऱ्यांना दिला. "आवाज येते का?" त्यांनी विचारलं. शेवटच्या रांगेतून हात वर झाले.

जेवणाआधी उस्तादांनी मला मांडवाबाहेर गाठलं. "रेझिस्टन्स कितीचा टाकला रे? त्याच्यावर आकडाच दिसून नाई राह्यला."

आकडा मी पॉलिश पेपरनं घासून टाकला होता.

"तुम्ही उस्ताद आहा," मी म्हणालो. "शोधा."

मी आत जाऊन पंगतीत बसलो आणि दोनदा भाजी मागून घेतली.